अड्याळची माती, एकोडीचा मांडव

॥ श्री ॥
एकोडी, ३ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप वासुदेवदादा यांस,
धाकट्या कुंताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. मागे फोनवर मी तुमच्या संघाला शुभेच्छा दिल्या, त्या तू कौतुकाने अड्याळच्या ग्रुपवर टाकल्यास आणि संध्याकाळपर्यंत इथल्या ग्रुपवर मी फितूर ठरले. तेव्हापासून तुझ्याशी पत्रानेच बोलायचं ठरवलं आहे. पोस्टमनला फुटबॉलमध्ये रस नाही.

बातमी अशी की हर्षाचं लग्न ठरलं. मुलगा आंधळगावचा, नाव प्रितम. फुटबॉल खेळत नाही, पाहतही नाही. पत्रिका पाहण्याआधी मी हेच विचारून घेतलं. लग्न ११ मेला, मांडव आमच्या दारी. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, हे मी तुला सांगायला नको. हर्षाला तुझ्याशिवाय दुसरा मामा नाही.

रीतीने भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो. आपल्याकडे एकतीस वर्षं मीच ओवाळणीचं ताट पिशवीत घालून अड्याळला येते. माझ्या घराला वरचा मजला चढला, हर्षा जन्मली, शिकली, मोठी झाली, आणि तू एकदाही इथे येऊन पाहिलं नाहीस. मला फार वाईट वाटतं दादा. आमचे हे एकोडीच्या 'नवयुवक' फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष असले तरी मुलीचे बापही आहेत, आणि साठीचा नवयुवक जितका समजूतदार असू शकतो तितके आहेतच.

लोभ आहेच, तो थोडा एकोडीच्या रस्त्यानेही यावा.
तुझी,
कुंता


अड्याळ, ९ एप्रिल २०२५

चि. सौ. कुंतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हर्षाचं वाचून डोळे भरून आले. तुझी वहिनी सुंदरबाई तर लगेच साड्या पाहायला निघाली. पण मी माझ्या पायांचं काय करू? एकोडीवाले गोल कबूल करत नाहीत तोवर त्या गावच्या मातीला पाय लावणार नाही, अशी मी १९९४ साली सगळ्यांसमोर शपथ घेतली आहे.

तू तेव्हा नवी सून होतीस आणि इतिहास तुला सासरच्यांनी शिकवला, म्हणून खरा पुन्हा लिहितो. सामना तुमच्या तलावाकाठी होता. गोलला लावायला ढीवरांकडून मासे धरायचं जुनं जाळं मागून आणलेलं, ते त्यांनी नेमकं त्याच सकाळी मासेमारीसाठी परत नेलं. मी मारलेला चेंडू गोलात उभ्या तुझ्या नवऱ्याला, टिकारामला, चुकवून गेला आणि थेट तलावात पडला. तो दोन बांबूंच्या आतून गेला हे अख्ख्या अड्याळने पाहिलं. बाहेरून गेला हे अख्ख्या एकोडीने पाहिलं. पंच गुरुजी तेव्हा चष्मा पुसत होते.

पुढच्या वर्षी तुमच्याकडून सुरुवात झाली. गावचा माणूस किंवा गावाचा नातलगच खेळेल, असा नियम. तर एकोडीने कामठीचा एक तगडा गडी 'जावई' म्हणून उतरवला. आम्ही मग दोन 'भाचे' आणले. आज आमचे अकराच्या अकरा खेळाडू कामठीचे, पगारी आहेत आणि सगळे माझे भाचे आहेत. तुमचे अकरा तुझ्या नवऱ्याचे जावई. दोन्ही गावांतल्या पोरांनी चेंडूला शेवटचा पाय कधी लावला ते कोणाला आठवत नाही, पण गावाचा अभिमान जराही कमी झालेला नाही.

यंदाचा अंतिम सामना वीस तारखेला साकोलीला आहे. तुला म्हणून सांगतो, असा गोलकीपर ठरवला आहे की त्याच्या बाजूने मुंगी जाणार नाही. डाव्या हातात तांब्याचं कडं घालतो. घरी बोलू नकोस. तुझ्या यांना म्हणावं, एका ओळीत गोल कबूल करा, मी धावत येतो.

हर्षाला आशीर्वाद, तुझ्यावर माया आहे तशीच आहे.
वासुदेव


एकोडी, १५ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

यांना गोलाचं विचारलं. म्हणाले, मुलगी देतो, गोल देणार नाही.

परवा यांनी आपला नवा जावई जेवायला आणला. कामठीचा, उंचपुरा, गोलकीपर. मी झिंग्यांची भाजी वाढायला वाकले तर त्याच्या डाव्या हातात तांब्याचं कडं. दादा, तुझा भाचा तोच आमचा जावई आहे. आचवताना मी त्याला हळूच विचारलं, तर बिचारा लाजला. म्हणाला, दोन्हीकडून इतक्या प्रेमाने बोलावलं की नाही म्हणवेना. मैदानावर शोभा होण्यापेक्षा आधीच कळवते, यांनाही सांगितलं आहे. हे दिवसभर जेवले नाहीत.

तुझं पत्र हर्षाने वाचलं. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मामा नाही आला त मी पाटावर उभी नाही राहत." तिचा हट्ट तुला ठाऊक नाही, कारण तू तिला भाऊबीजेपुरतीच पाहिलीस. कामठीच्या अकरा पोरांचा मामा व्हायला तुला काही अडचण आली नाही. सख्ख्या भाचीच्या वेळीच माती आडवी आली.

आज लोभाचं काही लिहीत नाही.
कुंता


अड्याळ, २२ एप्रिल २०२५

चि. सौ. कुंतास,
आशीर्वाद.

सामना झाला. त्या गोलकीपरची तक्रार कोणालाच करता येईना. केली तर तो आमचा भाचाही नाही आणि तुमचा जावईही नाही, हे आधी सांगावं लागलं असतं. शेवटी चहाच्या टपरीवर दोन्ही गावांचं पहिल्यांदाच एकमत झालं. पहिला अर्धा वेळ तो एकोडीकडून, दुसरा अड्याळकडून. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे त्याला जागचं हलावंही लागलं नाही. त्याच गोलमध्ये उभ्या उभ्या शर्ट तेवढा बदलला. निकाल शून्य-शून्य. मिरवणुका दोन निघाल्या.

तुझे हे शेजारच्याच खुर्चीवर होते. उन्हाचं त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतली. हे कुठे बोलू नकोस.

हर्षाचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. सुंदरबाई माझ्याशी बोलत नाही. पण शपथ मातीची आहे, कुंते, आणि ती मोडली तर मला अड्याळमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. काय करू ते तूच सांग.

तुझा,
वासुदेव


एकोडी, २६ एप्रिल २०२५

ती. दादास,
नमस्कार वि. वि.

विचारलंस, ते बरं केलंस. तो कडंवाला जागचा न हलता दोन्ही गावांचा होतो, मग तुझं काय अडलं?

शपथ मातीची आहे ना? मग माती पाठव. आपल्या बाबांच्या बांधीतली, धान निघतं तिथली. तुझ्या पोराला, चंद्रकुमारला, ट्रॅक्टरने आणून टाकायला सांग. रस्त्यापासून मांडवापर्यंत आणि हर्षाच्या पाटामागे मी ती पसरवते. गाडीतून उतरशील तो अड्याळवर, उभा राहशील तो अड्याळवर. यांना मी सांगितलं आहे की अंगण सपाट करायला माती मागवली.

आता नाही म्हणालास तर मात्र गोल झालाच नव्हता असं मीही म्हणेन.

वाट पाहणारी,
कुंता


अड्याळ, २ मे २०२५

चि. सौ. कुंतास,
आशीर्वाद.

चंद्रकुमारबरोबर माती पाठवली आहे. मी स्वतः चाळली. पोरीच्या पायाला खडा टोचू नये.

येतो.
वासुदेव


एकोडी, १५ मे २०२५

श्री. रा. रा. वासुदेवराव यांस,
टिकारामचा सा. न. वि. वि.

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र, हस्ताक्षर सांभाळून घ्यावं. कार्य उत्तम पार पडलं.

मातीचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. अंगण सपाट करायला अड्याळहून माती कोणी आणत नाही. मी उलट सकाळी उठून त्यावर पाणी शिंपडलं, धुरळा उडू नये म्हणून.

मंगलाष्टकं संपेपर्यंत तुम्ही त्या मातीवर ताठ उभे होता. पुढे पाठवणीच्या वेळी हर्षाने गाडीपाशी वळून मामा म्हणून हाक मारली आणि तुम्ही अनवाणी, माझ्या अंगणातून, सरळ गाडीपर्यंत चालत गेलात. अड्याळची माती बाजूलाच राहिली. तुमच्या ते ध्यानात नव्हतं. तिला पोटाशी धरून तुम्ही रडत होता, मीही रडत होतो.

अख्ख्या एकोडीने पाहिलं, पण ग्रुपवर कोणी टाकलं नाही. अड्याळहून कोणी विचारलंच तर मी सांगतो की तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

ती माती कुंता झाडू देत नाही. यंदा भाऊबीजेला तुम्ही इकडे यावं, वरचा मजला पाहायचा राहिला आहे.

लोभ असू द्यावा, गोल मागू नये. चेंडू बाहेरूनच गेला होता.

आपला,
टिकाराम