आजचा भाव

प्रिय टिल्लू,

सहा फूट उंच झालास, टक्कल पडायला लागलं, तरी मी तुला टिल्लूच म्हणणार. तुझ्या बायकोला आवडत नसेल तर तिने कानात बोळे घालावेत. तुम्ही दोघं बरे असाल. मी बरी नाही, मी चिडलेय. परवा फोनवर तू हसत हसत म्हणालास ना, की तुझं काय बाई, तू बसल्या जागी कोट्यधीश, आम्ही मेलो जहाजांची इंजिनं खोलून. मी हसले, कारण बाबा शेजारच्याच खुर्चीत होते. फोन ठेवल्यावर मात्र दुधाचं पातेलं असं आपटलं की अर्धं दूध ओट्यावर, आणि ते पुसलं कोणी? मीच. घरात फोनवर काही बोलायची सोय नाही, म्हणून दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी बसून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

आठवतं का रे, आपल्या घरात प्रत्येक वस्तूला दोन किमती असायच्या? एक दुकानदाराची आणि एक बाबांची. पंख्यांच्या कंपनीत जन्मभर पात्यांचा तोल साधणारा माणूस, पण त्या कंपनीने कामगारांना स्वस्तात शेअर दिले आणि त्यांचा स्वतःचा तोल गेला तो गेलाच. काहीही घ्यायचं म्हटलं की तेवढे पैसे कंपनीत घातले असते तर वीस वर्षांनी किती झाले असते, ती त्या वस्तूची खरी किंमत. तुझी सायकल साडेतीन लाखांची. माझे बूट पाऊण लाखाचे, म्हणून फाटेपर्यंत वापरायचे आणि फाटल्यावर शिवून वापरायचे. टीव्ही चाळीस लाखांना पडला असता, म्हणून तो आलाच नाही. आईने एकदा कवळीचं नाव काढलं, तर बाबा कागद-पेन्सिल घेऊन बसले. ती म्हणाली होती, त्यापेक्षा मलाच विका आणि कंपनीत घाला, निदान तिथे वाढेन तरी. आपण पोट धरधरून हसलो. ती बिचारी शेवटपर्यंत सगळं कुस्करून, भिजवून खात गेली, आणि आता ते आठवलं की मला हसू येत नाही.

तुझ्या फीसाठी थोडेसे शेअर विका म्हटलं, तेव्हा बाबांनी कोंबडी कापून अंडी मिळत नाहीत असं सुनावलं आणि तू बॅग उचललीस. बरं केलंस. मी दारात उभी होते. त्याच आठवड्यात बाबांनी मला समोर बसवून सांगितलं, पोरी, भाव पाच हजारांना टेकला की सगळे विकायचे, तुला तुझं घर घेऊन द्यायचं, मग तू सुटलीस. सुटलीस हा त्यांचाच शब्द. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मनात म्हटलं, चार-पाच वर्षांचा तर प्रश्न आहे. दुकानात चष्म्याच्या दांड्या विकायला यायचा तो हसरा, तुला एकदा सांगितलं होतं बघ, तो दोन वर्षं थांबला. मग त्याने दुसरीशी लग्न केलं. गेल्या वर्षी तो मुलीला घेऊन आला होता. तिचा पहिला चष्मा मीच बसवला. गोड पोर आहे, बापासारखी हसते.

आता खुर्चीत असशील तर नीट बस. कंपनी बुडाली. तीन वर्षं झाली. तुझ्यापर्यंत बातमी आली नसेल, आणि आली असती तरी त्या कंपनीचं नाव तू कानावर पडू देत नाहीस. कारखान्याला कुलूप लागलं, शेअरची खरेदी-विक्रीच बंद झाली, आणि आपल्या कपाटातल्या त्या कागदांना आता रद्दीवालाही हात लावणार नाही. हे कळलं तेव्हा बाबा झटका येऊन दवाखान्यात पडले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की काही झालं तरी धक्का बसता कामा नये. आणि शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी काय विचारावं? मी कशी आहे हे नाही, तू येतोयस का हेही नाही. आजचा भाव काय! मी दिला एक आकडा ठोकून. चार महिने सांभाळू, मग हळूहळू सांगू, असा विचार होता. पण एकदा तोंडातून गेलेला आकडा परत गिळता येत नाही रे, त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशीचा आकडा उभा असतोच.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की मी पेपर उघडते आणि भाव वाचते. दोन दिवस वर, एक दिवस खाली, म्हणजे खरं वाटतं. डोकं अजून तल्लख आहे त्यांचं, मागच्या महिन्याचा भाव तोंडपाठ असतो, त्यामुळे माझं मलाच लक्षात ठेवावं लागतं. एकदा ते माझ्यावर भांडं फेकून ओरडले, तर दुसऱ्या दिवशी मी भाव सपाटून पाडला. तर ते जेवलेच नाहीत. संध्याकाळी मलाच कीव आली आणि बाजार सावरल्याची बातमी द्यावी लागली. जुने सोबती भेटायला आले की त्यांना जिन्यातच गाठते आणि पढवून वर आणते. आणि एक गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगणार नाही. बाबांच्या चष्म्याचा नंबर केव्हाच वाढलाय. मी दिवसभर गावाला भिंगं बसवून देते आणि माझ्या बापाला जुन्याच काचा घालून ठेवलंय, कारण त्यांना बारीक अक्षर दिसलं तर माझं नाटक त्याच दिवशी संपेल. ते पेपर नाकाशी धरतात, डोळे चोळतात आणि माझ्याकडे देतात. मला फार लाज वाटते, टिल्लू.

आमची मालकीणबाई समुद्राकाठच्या गावात दुसरं दुकान काढतेय. खाली दुकान, वर दोन खोल्या, खिडकीतून पाणी दिसतं म्हणे. तू चालव, असं ती मला म्हणाली. मी पन्नाशीला आले आणि मला असं कोणी पहिल्यांदाच काही विचारलं. आठवडाभर मी त्या खोल्यांत मनातल्या मनात सामान लावत होते. मग सुचलं, अगं वेडे, भाव तुझ्याच तर हातात आहे! पाच हजार झाले की तू सुटलीस, शब्द बाबांचा आहे. ते एकदा विका म्हणाले असते, की शेअर विकल्याचं आणि घर घेतल्याचं नाटकही मी निभावून नेलं असतं. म्हणून रोज थोडा थोडा चढवत नेला. बाबा खूश, दोन घास जास्त जाऊ लागले. काल सकाळी वाचला. पाच हजार. बाबांनी डोळे मिटले, ओठांनी कसलासा हिशेब केला, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, आत्ता कुठे चढायला लागलाय पोरी, आणखी दहा वर्षं थांबलो तर बघ कुठे जातो. मी चहाच्या कपबशा उचलल्या आणि आत गेले.

दुकानात आल्या आल्या मालकीणबाईला होकार दिला. मी रविवारी दुपारच्या गाडीने जातेय, आणि त्याआधी तू यायचंस. बायकोला घेऊन ये, सुट्टी काढ, नोकरी सोड, काय वाटेल ते कर, पण ये. हे पत्र मी तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही. औषधं कधी द्यायची ते शेजारच्या काकूंना ठाऊक आहे. आज सकाळी मी भाव पाच हजार बारा वाचलाय, रविवारपर्यंत तिथेच धरून ठेवते, तो विसरू नकोस. टेबलाच्या वरच्या कप्प्यात बाबांचा नवा चष्मा ठेवलाय, नंबर बरोबर आहे, मी स्वतः घासलाय. सोमवारी सकाळी चहा झाला की ते तुझ्याकडे पेपर देतील. चष्मा द्यायचा की भाव वाचायचा, ते आता तू ठरव.

तुझीच,
ताई