आबांना कळेल असा फोर्स

१ नोव्हेंबर १९३६, गुंजवणे

सापडलाच आबांना! तीन दिवस पेटीच्या तळाशी दडवलेला सहामाहीचा मेकॅनिक्सचा पेपर — शंभरात एकोणीस. आबांना वाचता येत नाही, पण लाल शाई कळते. ओरडले नाहीत. म्हणाले, "ज्यात नापास झालास ते मला समजावून सांग. मला समजलं तर सुट्टी सरल्यावर पुन्याला जा. न्हाईतर हितं गवत कापायला मानसं कमीच हायती."

एवढंच? दोन दिवसांचं काम!

३ नोव्हेंबर

दोन दिवसांचं नाही. पोटेन्शियल एनर्जीला मराठीत म्हणू काय? "वस्तू उंचावर नेली की तिच्यात ताकद साठते" — इथवर आबांनी मान डोलावली. मग फोर्सवर आलो आणि बोबडी वळली. आबा तंबाखू मळत म्हणाले, "व्हय, फुडं?"

पुढं काय, कपाळ!

४ नोव्हेंबर

फजिती. लिहवत नाही.

६ नोव्हेंबर

लिहितोच. डोंगरावरचं गवत कापून भारे बांधतात आणि उतारावरून घरंगळत खाली सोडतात. म्हटलं, हेच दाखवू. एक भारा डोक्यावर घेऊन थेट वरच्या सपाट माळावर चढलो. सगळ्यांना ओरडून सांगितलं, "जितकी उंची जास्त, तितका फोर्स जास्त! आता बघा!" आणि भारा खाली ठेवला.

भारा बसला की तिथंच! ढिम्म हलेना. मीही त्याच्याशेजारी बसलो. धनगरवाड्यातले हैबतीमामा खालून ओरडले, "पोरा, तुजी ताकद निजली रं!" आबा तर हसता हसता विळा टाकून खालीच बसले.

पेपरातही मी हेच लिहिलं होतं — एनर्जी सर्वांत जास्त, तिथं फोर्स सर्वांत जास्त. त्यावरच ती भली मोठी लाल फुली होती.

८ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं!

आज मुद्दाम भारे कुठून कसे घरंगळतात ते बघत बसलो. माळावर उंची भरपूर, पण चार पावलं चाललं तरी उंची तेवढीच — म्हणून ढकल शून्य. खाली कड्याजवळ उंची निम्मी, पण पावलागणिक भसाभस कमी होते — तिथं भारा हातातून निसटतो! फोर्स उंचीत नाही, उंची किती झपाट्यानं बदलते त्यात आहे. जूनपासून पाठ केलेलं सूत्र — फोर्स म्हणजे उणे, पावलागणिक एनर्जीतला बदल — ते हेच.

पण सूत्रात ते उणे चिन्ह कशाला? आई भारा घेऊन चढत होती. म्हणाली, "पाय चढतोय वर आन् वझं वढतंय खाली. लई नाटाळ बग." झालं! एनर्जी वाढते एका बाजूला, फोर्स असतो उलट्या बाजूला. प्रोफेसरांना हे एका तासात जमलं नव्हतं!

११ नोव्हेंबर

सगळं सांगितलं. माळ, कडा, आईचं ओझं, उणे. हातवारे करकरून. आबा "हं" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

१२ नोव्हेंबर

आबांचा निकाल अजून नाही; दिवसभर भारेच बांधत होते. दिवाळीच्या करंज्याही गोड लागेनात.

१३ नोव्हेंबर

आबा म्हणाले, "मला त्यातलं काय बी कळलं न्हाई. पर ह्या खेपेला सांगताना तू कुठं अडला न्हाईस. मला तेवढंच बगायचं हुतं. परवा निग पुन्याला."