दुकानाचं नाव कुणाच्या नावावर

११ मार्च
सकाळी ह्यांना फिजिओवाल्यांकडं नेलं. उजवा हात तसाच. लकव्याचा झटका आल्यापासून तोंडातून एकच शब्द येतो, "बरं." हो म्हणायचं तरी बरं, पाणी पाहिजे तरी बरं.
दुपारी कॉम्प्युटरवाल्या रेखाकडं. दुकानाची वेबसाईट तीच बघती. म्हणली, "काकू, डोमेनची, म्हंजे वेबसाईटच्या नावाची मुदत महिन्याअखेर संपती." म्हणलं, मग वाढव. तर खातं ह्यांचं, पासवर्ड ह्यांनाच माहीत. ओटीपी जुन्या नंबरावर जातो, तो नंबर कवाच बंद झालाय.

१२ मार्च
ह्यांना विचारलं. डोळे चमकले, म्हंजे आठवतंय. मोबाईलवर अक्षरं दाखवली. डाव्या हातानं दोन-तीन दाबली, थांबले. परत दाबली, तर वेगळीच. मग मोबाईल ढकलून दिला. रडले. मी म्हणलं, राहू द्या.

१७ मार्च
डोमेनच्या कंपनीत फोन लावला. बाई बोलायला चांगली होती. "मालकांशी बोलावं लागेल मॅडम. फक्त नाव आणि जन्मतारीख त्यांना सांगू द्या." सगळी परिस्थिती सांगितली. तरी त्यांच्याच तोंडून पाहिजे. स्पीकर लावला. ह्यांनी मान ताठ केली, गिऱ्हाइकाशी बोलताना करायचे तशी. "बरं... बरं..." कपाळावर घाम. पलीकडं बाईनं ऐकून घेतलं. मग म्हणली, "सॉरी मॅडम. सहीचा अर्ज पाठवा."

२३ मार्च
अर्ज परत. डाव्या हाताची सही पॅनकार्डाशी जुळत न्हाई.
धाकटे दीर, उमाकांत भावजी म्हणले, "वैनी, कशाला जीव जाळता? दुकान देवळाच्या वाटंवर हाय. लोक येतेतच की."
येतेत. पण रुद्राक्ष, भस्म लांबून मागवणारे? वेबसाईट काढली तवाबी भावजी हसलेते. ह्यांनी मनावर घेतलं न्हाई. एकट्यानं उभी केली.

१ एप्रिल
बंद. रेखानं वेबसाईट उघडून पांढरं पान दाखवलं. रडू आलं न्हाई. नुसतं बधिर.

२९ एप्रिल
वकिलांकडं गेलते. ह्यांच्या वतीनं सही करायची तर कोर्टातून पालक म्हणून हुकूम आणावा लागंल. वेळ लागतो. किती, ते सांगत न्हाईत. नवरा जिता, आणि मी त्याची पालक. घरी येऊन ह्यांच्यापुढं वकिलांनी दिलेले कागद काढलेच न्हाईत.

१६ जून
नाव दुसऱ्यानंच उचललं. उघडलं की पत्त्यांचा जुगार. वर आपल्या दुकानाचंच नाव.
नांदेडच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. श्रावणासाठी माळ पाहिजे होती. "ताई, हे कवापासून सुरू केलं तुमी?" आमचं न्हाई ते, म्हणलं. "नाव तर तुमचंच हाय." माळ पाठवू का विचारलं. बघतो म्हणले.
ह्यांना काही बोलले न्हाई.

१८ जून
भावजींनी ह्यांना ते जुगाराचं पान दाखवलं. मोबाईल त्यांच्या तोंडापुढं धरून. मी पोळ्या करत होते. बाहेर येईस्तोवर हे भिंतीकडं वळलेले. जेवले न्हाईत.

२० जून
अजून तसेच. आज तोंडून गेलं माझ्या, "का म्हणून सगळं एकट्यापाशीच ठेवलं? मला एकदा तरी..." ऐकलं त्यांनी. पाठ हलली.
दूध-भाकरी कुस्करून दिली, दोन घास गेले.

४ जुलै
रेखा म्हणती, नवं नाव घेऊ, मागं 'परळी' जोडून. मिळतंय. सकाळी ह्यांना सांगूनच निघाले.
रेखानं विचारलं, "मालक म्हणून कुणाचं टाकू? काकू, तुमचंच टाका. परत घोळ नको."
तिचं बरोबरच हाय. मीच टाईप केलं माझं नाव. बघत बसले. हे घरात बसलेत, सगळं कळतंय त्यांना, आणि मी इथं...
पुसलं. मालकाची जागा रिकामीच. मागं गिऱ्हाईक उभं होतं, मी तसंच सोडून उठले.
घरी आले तर हे दारात, खुर्चीवर. शर्ट बदललेला. एका हातानं बटणं कशी लावली कुणास ठाऊक. एक खालवर झालेलं. माझ्याकडं बघून भुवया उचलल्या.
"झालं," म्हणलं मी.
तोंडाची एक बाजू हसली.
चहा ठेवते म्हणून आत आलेय. अजून ठेवला न्हाई.