माझ्या गुडघ्याची सायकल

मंगळवार, ७ जानेवारी
मेली सायकल बंद पडली! पायडल मारतेय तर नुसतं गरगर फिरतंय, जोरच लागत नाही. काल चांगली चालत होती. आणि नेमकं आत्ताच! ऑपरेशन होऊन गुडघा नवा बसला, तेव्हाच फिजिओबाई म्हणाल्या होत्या, "रोज अर्धा तास व्यायामाची सायकल मारा. न कण्हता जमलं, तर यंदा कालवा गोठल्यावर स्केट घालून बर्फावर जा. नाहीतर विसरा." आम्ही हॉलंडमधल्या फ्रीसलँडची माणसं कालवा गोठायची वाट वर्षानुवर्षं बघतो. आता म्हणे पुढच्या आठवड्यात कडक थंडी. ही संधी हुकली तर पुन्हा कधी? त्रेसष्ट वर्षांची झाले मी!

डाउवे म्हणाला, "बाहेरच्या कुणाला बोलावू नकोस. नवऱ्याला हात आहेत ना?" आहेत खरे. या घरातला नळसुद्धा त्याने कधी दुसऱ्याला उघडू दिला नाही.

गुरुवार, ९ जानेवारी
डाउवे म्हणतो, "सायकलचा पट्टा गेलाय. जर्मनीहून मागवलाय." जर्मनीहून काय बैलगाडीने येतोय?

रविवार, १२ जानेवारी
पट्टा नाही. घरामागच्या पाण्याच्या चरांवर सायीसारखा बर्फ धरलाय. मी स्केट काढून धार लावून ठेवले. डाउवेने स्वतःचे माळ्यावरून खाली आणलेच नाहीत. विचारलं तर म्हणतो, "घाई काय आहे?" घाई काय! थंडी पडली की भल्या पहाटे भोक पाडून बर्फाची जाडी मोजायला पळणारा हा माणूस!

मंगळवार, १४ जानेवारी
डाउवे गाण्याच्या तालमीला गेला, तशी मी शेजारच्या हिल्ट्येला बोलावलं. तिने सायकलचं झाकण उघडलं आणि पट्ट्याचं टोक बोटाने चाचपलं.

"नींके, हा तुटलेला नाही गं. कापलाय."

बघितलं. चाकूने कापल्यासारखी सरळ कड. घरात आम्ही दोघंच.

कॉफी घेताना ती म्हणाली, "डाउवेने गावच्या बर्फ तपासणाऱ्या बर्फमंडळाचा राजीनामा दिला तेव्हाच मला नवल वाटलं होतं. म्हणाला, नींकेच्या गुडघ्यापायी घरी थांबावं लागतं."

राजीनामा? मला पत्ताच नाही! मी कधी म्हटलं थांब म्हणून? मी तर त्याला घराबाहेर हाकलत होते!

ती गेल्यावर रडले नाही. भांडी घासली. चांगली आदळून आदळून.

बुधवार, १५ जानेवारी
न्याहारीला त्याच्या बशीत पट्टा वाढला. चीजच्या शेजारी.

"तू कापलास?"

"हो."

बस, एवढंच. कोट चढवून बाहेर!

केसाने गळा कापला या माणसाने. मी कण्हत कण्हत पायडल मारायचे तेव्हा शेजारी बसून "शाबास नींके" म्हणायचा. कुठल्या तोंडाने? आज त्याचं अंथरूण वरच्या खोलीत टाकलंय.

शुक्रवार, १७ जानेवारी
हिल्ट्येच्या बहिणीकडे तसलीच एक सायकल धूळ खात पडली होती. काल आणि आज तिथे जाऊन अर्धा अर्धा तास मारली. कण्हले नाही! फिजिओबाईंनी गुडघा वाकवून पाहिला. "जा. पण जपून."

घरी येऊन मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "मी जाणार बर्फावर. तुझ्याशिवाय."

तो टेबलाशी बसला. मग म्हणाला, "मला येत नाही आता."

"काय येत नाही?"

"उजवा पाय ऐकत नाही. मध्येच जागीच चिकटतो. उन्हाळ्यापासून. डॉक्टर म्हणतात, आता वाढतच जाणार." मग हळूच, "तू बरी झालीस की म्हणणार, चल, पुढे हो. तुझा गुडघा दुखत होता तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं."

बर्फावर आम्ही कायम असेच जायचो. तो पुढे वारा अडवत, मागे मी, मध्ये लांब काठी दोघांनी धरलेली.

उन्हाळ्यापासून! डॉक्टरांना माहीत, आणि मला नाही! इतकी वर्षं एका ताटात जेवून मी परकीच? पट्ट्याचा राग एक वेळ जाईल. हा कसा जायचा?

सोमवार, २० जानेवारी
कालवा गोठला! शाळेनेसुद्धा सुट्टी दिली. सगळं गाव बर्फावर. मंडळाची माणसं दारात आली, गळ्यात स्केट, नाकं लाल. "डाउवे, चल रे! पुढे कोण राहणार तुझ्याशिवाय? नींके तर बरी झाली म्हणे!"

तो माझ्या मागे भिंतीला धरून उभा होता.

मी दार जरा ओढून घेतलं. म्हटलं, "कुणी सांगितलं बरी झाले? गुडघा अजून ठणकतोय. आणि याला मी सोडायची नाही."