बेलफळ व सूर्य यांच्या संमतीची अट काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
लुखाछें आळी आरोग्य केंद्र,
पाटण, नेपाळ.

विषय: गर्भपाताच्या गोळ्या माझ्या एकटीच्या सहीवर मिळण्याबाबत, तसेच माझे दोन्ही पती आपल्या नोंदीतून वगळण्याबाबत.

संदर्भ: नोंदणी खिडकीवरील सुब्बा, म्हणजे कारकून, श्री. अष्टरत्न अवाले यांचा तोंडी हुकूम, "दोघांनाही घेऊन या."

महोदय,

मी, पलिस्था ब्यंजनकार, वय सव्वीस, अविवाहित, लग्नाचे अल्बम जुळवणाऱ्या दुकानात नोकरीस, आपल्या निदर्शनास आणू इच्छिते की:

१. मी गरोदर आहे व राहू इच्छित नाही. हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून घेतलेला आहे. आपल्या सिस्टर मेनुका यांनी मला तपासून दोन मार्ग समजावले. दहा आठवड्यांच्या आत असेल तर गोळ्या: पहिली इथे त्यांच्यासमोर, बाकीच्या घरी. कळा येतील, रक्त जाईल, फारच जाऊ लागलं तर धावत परत यायचं. दहाच्या पुढे गेलं तर मोठ्या हॉस्पिटलात नळीने गर्भाशय रिकामं करतात, तेही थोड्याच वेळाचं काम. "दोन्ही सुरक्षित आहेत, बहिनी. तुला काय जमतं ते तू सांग," असे त्या म्हणाल्या.

मला गोळ्या जमतात. मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीशी माझी सख्खी निनि, म्हणजे आत्या, बसते. तिला कळणे आणि आळीत ढोल पिटणे यात फरक इतकाच की ढोल मध्येच थांबतो.

२. सिस्टरांनी मला नोंदणीला पाठवले. सुब्बांनी मान वर न करता विचारले, "श्रीमानांचं नाव?"

"नाही."

"नाव नाही?"

"श्रीमानच नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. "मग मय्‌जु, ताई, आधी लग्न करून या. ही सोय लग्नानंतरची."

"लग्न झाल्यावर मला याची गरज कशाला पडेल?"

"तेच तर मी म्हणतोय!" असे म्हणून त्यांनी विजयी मुद्रेने रांगेकडे पाहिले.

३. इथे माझ्याकडून एक विनोद घडला. मी म्हणाले, "तसे माझे दोन आहेत. सातव्या वर्षी बेलफळाशी झालं, अकराव्या वर्षी सूर्याशी." महोदय, आम्हा नेवार मुलींची ही दोन लग्ने लहानपणीच लागतात. आपल्या सौभाग्यवती नेवार असतील तर त्यांचीही लागलेली आहेत, आणि आपण तिसरे आहात. सुब्बा स्वतः नेवार असल्याने ते हसतील असा माझा अंदाज होता. ते म्हणाले, "असं आधी सांगायचं ना!" आणि संगणकात भरले: विवाहित. पती पहिला, बेल. पती दुसरा, सूर्य. कार्यालयात विनोदाला हसायचे नसून त्याची नोंद घ्यायची असते, हे मला ठाऊक नव्हते.

४. त्यानंतर दोघांच्याही संमतीची मागणी झाली. आजीने देवघरात जपलेले बेलफळ मी ओढणीत बांधून आणले. सुब्बांनी ते नमस्कार करून हातात घेतले, फिरवून फिरवून पाहिले. "अंगठा कुठून उठवायचा?"

"देठ उठवा."

"देठ ग्राह्य नाही. आणि मोठे श्रीमान?"

मोठ्यांच्या नागरिकत्वाचा दाखला मागण्यात आला. जन्मस्थान मी 'पूर्व' असे सांगितले. "जिल्हा सांगा," असा आग्रह झाला. वास्तविक मोठे श्रीमान रोज हजर असतात, परंतु नोंदणीची खिडकी उत्तरेला असल्याने त्यांना आत येता येत नाही. रांगेतल्या एका आजी मला कळवळून म्हणाल्या, "नानी, पोरी, सकाळी लवकर घेऊन ये गं त्याला. दुपारी फार तापतो."

५. या प्रकरणात ज्यांचा खरोखर हात आहे ते गृहस्थ सध्या सिडनीत शिकत असून त्यांना कळवले असता त्यांनी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. सुब्बांनी तो अंगठा तरी पाहावा म्हणून मी फोन पुढे केला. तो पिवळा निघाला. कार्यालयात निळी शाई चालते.

६. सुब्बांच्याच सल्ल्यावरून पुन्हा अविवाहित होण्यासाठी मी वॉर्ड ऑफिसात गेले. तिथे सांगण्यात आले, "घटस्फोट कोर्टात. कोणी वारलं असेल तर दाखला आम्ही देतो. कोण वारलं?" महोदय, बेलाशी लग्न लावतात ते बाईला कधी वैधव्य येऊ नये म्हणूनच. उरला सूर्य. तेव्हा बाहेर कडक ऊन पडलेले होते. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले आणि पुढच्या माणसाला बोलावले.

७. परत आल्यावर सुब्बांनी मला बसवून घेऊन पुराणातली गोष्ट सांगितली. एका राजकन्येलाही लग्नाआधी सूर्यापासून मूल झाले, पण तिने गोळ्या मागितल्या नाहीत. पेटीत घालून नदीत सोडले. मी नम्रपणे नमूद करते की तिच्याकडे पेटीवाचून मार्ग नव्हता, आणि त्या मुलाचे पुढे जे झाले ते काही चांगले झाले नाही. शिवाय आमच्या बागमतीत आज पेटी सोडली तर ती पहिल्याच पुलाखाली कचऱ्यात अडकून राहील.

८. आता हसण्यासारखे काही उरलेले नाही. दहावा आठवडा परवा, गुरुवारी, संपतो. उद्या महाशिवरात्रीची सुट्टी. त्या दिवशी बेलालाही फुरसत नसते. गुरुवार गेला की गोळ्या गेल्या, आणि मला आत्याच्या खिडकीशी उभे राहावे लागेल. त्या रात्रीपर्यंत घरी कळेल, आणि मग माझ्या पोटाचा निर्णय घ्यायला बेल, सूर्य, आत्या, वडील, तीन काका असे सगळे बसतील. मला त्या बैठकीत चहा द्यायला बोलावतील. मी रोज लोकांच्या लग्नांची पाने जुळवते. स्वतःचे पान कोणी दुसऱ्याने जुळवावे, अशी माझी इच्छा नाही.

आपल्याच केंद्राच्या भिंतीवर, नोंदणीच्या खिडकीच्या डोक्यावर, पाटी रंगवलेली आहे: बारा आठवड्यांपर्यंत स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी. तीत विवाहित, अविवाहित असे काहीही लिहिलेले नाही. सुब्बा त्या पाटीखाली अकरा वर्षे बसलेले आहेत. खाली बसणाऱ्याला ती दिसत नाही, ही त्यांची अडचण मी समजू शकते.

सबब विनंती की गुरुवारी दहा वाजता, केंद्र उघडताच, सुब्बांना पाच मिनिटे खुर्चीवरून उठवून खिडकीबाहेर, माझ्या जागी, उभे करावे आणि मान वर करायला सांगावे. तेवढ्यात मी आत जाऊन सही करते.

आपली नम्र, आणि एकटीच पुरेशी,
पलिस्था ब्यंजनकार
(सही)

मिती: फागुन १३, विक्रम संवत २०८१

सोबत: सोनोग्राफीचा अहवाल, माझ्या नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत, भिंतीवरील पाटीचा फोटो, सुब्बांच्या टकलासह.