काइनाचं चित्र

नळदुर्ग, ऑगस्ट १९४८

बाबा,
तुमच्या लेकीचा सलाम. मी धडधाकट आहे, मिशनचं छप्पर तेवढं जळालं. आईचा दमा कसाय?

गावातली मुकी पोर जगदेवी आता माझ्याकडच्या बायबलच्या चित्रांवर बोट ठेवून बोलते. तहान लागली की विहिरीच्या चित्रावर.

सोमवारी तिचा थोरला भाऊ कुऱ्हाडीनं तोडलेला सापडला. रझाकारांचंच काम, म्हणाला सगळा गाव. जगदेवीनं पंचांपुढं भावाला मारणाऱ्या काइनाचं चित्र धरलं आणि धाकट्या भावाकडं बोट केलं. त्यानं विळ्यानं ते बोटच छाटलं. पंच नुसते बघत राहिले!

आईला यातलं सांगू नका. मला परतही बोलावू नका.

आज जगदेवी शुद्धीवर आली. मी विहिरीचं चित्र पुढं केलं. तिनं ते बाजूला सारलं आणि डाव्या हाताचं बोट काइनावर ठेवलं.

तुमची एस्तेर