जे असेल ते मेसेजवर

१ ऑगस्ट, शुक्रवार

आले बाई एकदाची! नारायणगावची चैताली आजपासून मावळवासी. मळवली स्टेशनवर उतरले तर समोरचा डोंगर अर्धा ढगात. रिक्षावाल्यानं भातखाचरांमधून आत आत नेलं आणि एका बंगल्यासमोर सोडलं. नाव 'निवांत'. मागे हिरवी खाचरं, एका बाजूला स्विमिंग पूल, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली की ढग सरळ ओट्यावर. पायलनं मेसेजमध्ये वर्णन केलं होतं तसंच आहे सगळं.

पायल म्हणजे माझी हॉस्टेलची रूममेट. आधी हेच काम ती करायची. जुलैत अचानक तिचा मेसेज आला की मी दुसरीकडे चालले आहे, जागा रिकामी आहे, तू ये, मज्जा आहे. तिकडे घरी नोकरी सुटल्यापासून आई रोज भाकरीबरोबर एक टोमणा वाढत होती. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं; धावत आले.

काम सोपं आहे. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचं बुकिंग घ्यायचं. मालक निवृत्ती आबा परंदवडीचे. पांढरी टोपी, दोन मोबाइल, कपाळाला कायम आठी. नमस्कार केला तर पहिला नियम सांगितला : "तोंडी काय बी न्हाई. बोललेलं वाऱ्यावर जातं. जे काय असंल ते मेसेजवर टाक." फोनवर कबूल करून उलटणाऱ्या पाहुण्यांनी पोळलेले दिसतात. गेटलासुद्धा आकड्यांचं कुलूप. पाहुण्याला आकडा मेसेजनं जातो, आणि आकडा बदलायचा तर कॉम्प्युटरवरून.

ऑफिसचा मोबाइल मागितला तर म्हणाले, तुझाच नंबर जोड की कॉम्प्युटरला. कंजूष! जोडला. स्क्रीनवर काहीतरी लांबलचक विचारलं, मी न वाचता 'हो' दाबलं. कोण वाचतं ते?

ऑफिस म्हणजे पूलशेजारची एक दमट खोली, भिंतीपलीकडे पंप. रतनबाई नावाच्या मावशी स्वयंपाक आणि झाडलोट करतात. पायलचं विचारलं तर "गेली" एवढंच म्हणाल्या आणि खरकटं पाणी माझ्या पायाजवळ फेकलं. असू दे. मी खूश आहे. अमूला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, ढगांचे फोटो पाठवले. पुण्याला हॉस्टेलात आहे ती. मलाही बोलव म्हणून मागे लागली आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

शनिवार-रविवार डोक्याला ताप. फोन आणि कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी जमत नाही. फोनवर आलेला मेसेज कॉम्प्युटरवर दिसत नाही आणि कॉम्प्युटरवर असलेला फोनवर नाही. एकाच घरात राहून न बोलणाऱ्या जावांसारखं.

काल ठाण्याचं एक कुटुंब पावसात गेटबाहेर उभं. मी फोनवरून बरोबर आकडा पाठवला होता, त्यांना भलताच मिळाला. तो गृहस्थ माझ्या आईबापापर्यंत पोचला. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही, व्याजासकट परत केलं. आबांनी परंदवडीहून फोन करून मलाच झापलं.

मग दिवसभर दुरुस्ती. जोडणी तोडली, पुन्हा जोडली. दोन्ही बंद करून चालू केलं. वायफायचा डबा काढून लावला. अ‍ॅप उडवून नव्यानं घेतलं. जैसे थे.

शेवटी पायलला मेसेज केला. उत्तर लगेच आलं : "फोनवर बघू नकोस. कॉम्प्युटरवर असतं तेच खरं." म्हणून फोनच लावला, तर कट केला आणि लिहिलं : "फोन नको गं. इथे आवाज फार घुमतो. मेसेज कर." नवं ऑफिस मोठं असेल बाईसाहेबांचं.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी रतनबाई आल्या त्या डोळ्यांत अंगार घेऊन. त्यांची सून सविता जवळच्या कान्हे गावात कंपनीत जाते. तिच्या फोनवर माझ्या नंबरवरून मेसेज गेला होता : सासूबाईंना उद्यापासून पाठवू नका, त्यांच्या हाताला वास येतो, बरं का.

मी आईची शपथ घेतली. फोन उघडून दाखवला, त्यात असला मेसेज नव्हताच. म्हटलं, मावशी, मी असं कशाला लिहीन? "लिवलंय न्हवं? मग झालं. आमी गरीब हाय, पर नासलेलं न्हाई," असं म्हणून त्यांनी किल्ल्या ओट्यावर आपटल्या.

नंतर कॉम्प्युटर उघडला. मेसेज तिथे होता. आणि ते 'बरं का' माझं आहे. बोलताना, लिहिताना मी दर दोन वाक्यांनी घालते ते. अमू चिडवते त्यावरून. मला भीती वाटली, हे इथे कबूल करते.

रतनबाई जाता जाता दारात थांबल्या होत्या. माझ्याकडे न बघताच बोलल्या, "ती पायल बी शेवटाला असंच म्हनायची. मी न्हाई लिवलं, मी न्हाई लिवलं." मी मागे धावले, पण त्या थांबल्या नाहीत.

आता बंगल्यावर मी एकटी.

१० ऑगस्ट, रविवार

पंधरा ऑगस्टच्या सुट्ट्यांची सगळी बुकिंगं रद्द झाली. रद्द कोणी केली? मी. लेखी. प्रत्येकाला वेगळा अपमान करून. दिवसभर फोनवर शिव्या खाते आहे आणि आज उलट उत्तर द्यायचंही अंगात बळ नाही.

आबांना फोन करून रडत सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेसेज टाक. टाकला. थोड्या वेळानं त्यांचाच फोन, संतापून : "सगळं छान चाललंय बरं का, असं लिवतीस आन् फोनवर रडतीस? येडा समजतीस का मला?"

मी ते लिहिलं नव्हतं. माझ्या फोनवर माझा खरा मेसेज दिसतोय, लांबलचक, चुकांसकट. त्यांना पोचलं दुसरंच.

जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. पहिलं हा कॉम्प्युटर. दुसरं : पायल. तिचं नाव काढून टाकलं. पुन्हा आलं. पुन्हा काढलं. पुन्हा आलं.

११ ऑगस्ट, सोमवार

पायलच्या आईला ओतूरला फोन केला. काकू इतक्या आनंदल्या! म्हणाल्या, रोज सकाळी मेसेज येतो गं पोरीचा, जेवले, झोपले, बरी आहे. फक्त जूनपासून फोन उचलत नाही. आवाज ऐकला असता तर बरं वाटलं असतं, म्हणाल्या. तू भेटलीस तर सांग तिला.

आबांना विचारलं. तेही तेच म्हणाले. जूनमध्येच गेली, न सांगता, मेसेज टाकून गेली.

जून. मग जुलैत मला इथे बोलावलं ते कोणी?

भर दुपारी ऑफिसात बसून पायलचा नंबर लावला. रिंग वाजली. कानात वाजली आणि भिंतीपलीकडेही वाजली. पंपाच्या खोलीत.

तिथे जमिनीत पूलची टाकी आहे, वर लोखंडी झाकण. आवाज खालून येत होता, घुमत. दोन्ही हातांनी ओढून झाकण सरकवलं. काळं पाणी, किती खोल ते कळत नाही. आणि पार तळाशी एक चौकोनी उजेड. मोबाइल. पाण्याखाली. चालू.

रिंग बंद झाली. माझ्या हातात मेसेज आला : "सांगितलं होतं ना, फोन नको."

खाली उजेडाशेजारी आणखी काहीतरी होतं. मी बघितलं नाही. बघितलं. केस होते.

१२ ऑगस्ट

पोलीस चौकीत गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी पायलच्या नंबरवर फोन लावला. कट झाला आणि त्यांच्याच मोबाइलवर मेसेज : "मी बरी आहे साहेब. चैतालीचं डोकं फिरलंय, तिला सांभाळा." त्यांनी तो मला वाचून दाखवला. चांगल्या मनानंच दाखवला, तेच वाईट. आबांना बोलावून घेतलं. आबांनी येऊन टाकीत टॉर्च मारला. पाणी. नुसतं स्वच्छ पाणी.

आबा म्हणाले, पंधरा तारखेनंतर दुसरी पोरगी बघतो.

दुसरी पोरगी. ती कोण बोलावणार आहे, आबा?

१४ ऑगस्ट

पिशवी भरली. कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपटल्या, वायफायचा डबा पूलमध्ये फेकला. फोन बंद करून उशीखाली ठेवला. उद्या उजाडलं की नारायणगाव. टोमणे तर टोमणे.

पंप-खोलीला बाहेरून कडी घातली. झाकणावर विटा ठेवल्या.

दिवसभरात पहिल्यांदा भूक लागली. आईच्या हातचं पिठलं खावंसं वाटतंय.

१५ ऑगस्ट, सकाळ

रिक्षा बोलवायला फोन चालू केला.

स्क्रीनवर मी अमूशी गप्पा मारते आहे. रोज. गेले कितीतरी दिवस. ढगांचे फोटो, लहानपणच्या आठवणी, 'बरं का'. मी नाही. मी नाही!

"ताई, निघाले गं. उद्यापर्यंत राहीन."

"ये. मज्जा आहे."

कॉम्प्युटर बंद आहे. वायरी जमिनीवर आहेत. मेसेज चालू आहेत.

अमूला फोन लावला. तिनं उचलला. म्हटलं, अमू, येऊ नकोस, परत जा. ती म्हणाली, "कोण बोलताय तुम्ही?"

तुम्ही. माझी अमू मला तुम्ही म्हणाली.

म्हणाली, ताईनं सांगून ठेवलंय, कुणीतरी तिचा आवाज चोरलाय, त्या आवाजात फोन येतील, ऐकायचं नाही, फक्त मेसेजवर विश्वास ठेवायचा. मी तिला आमच्या दोघींतलं सांगितलं. जात्यामागे लपवलेली चिंच, बाबांचं शेवटचं आजारपण. ती रडायला लागली. म्हणाली, तिचा फोन पण चोरलात का, हे सगळं ताईनं मला परवाच लिहिलंय. लाज वाटत नाही का तुम्हाला?

ठेवला. आता लागत नाही. माझे फोन ब्लॉक केलेत तिनं, मेसेज तेवढे चालू.

कशी जाऊ मी आता? ती इथेच येते आहे.

१५ ऑगस्ट, दुपार

गेटबाहेर रस्त्याच्या वळणावर उभी आहे. गाडी इथूनच वळते. येईल तशी आडवी पडेन, पण आत जाऊ देणार नाही. तोंड दिसलं की कळेलच तिला. तोंड तर मेसेजनं पाठवता येत नाही.

धुकं फार आहे. वही बरोबर आणली आहे. हिला वायर नाही, हिला कुणाशी जोडलेलं नाही. माझं अक्षर एवढंच उरलंय. पुढे कुणी काही दाखवलं, चैतालीनं असं लिहिलं म्हणून, तर ते या वहीशी ताडून बघा.

एकही गाडी नाही.

फोनवर आता सगळं दिसतंय. इतके दिवस झगडले, आज जुळलं. तिचे, माझे नसलेले, सगळे, एकामागून एक—

"ताई, स्टेशनवर उतरले."

"रस्त्यानं नको, ट्रॅफिक आहे. खाचरांच्या बांधावरून ये. मागे छोटं दार आहे."

मागचं दार. पंप-खोलीजवळचं. त्या दाराला मी कडी घातलीच नाही—

मागून खाचरांचा वळसा फार लांबचा, म्हणून गेटकडे पळाले. आकडा दाबला. चूक. पुन्हा चूक. आकडा बदलला आहे. भिंतीवर काचा. एकदा चढले, हात फाटला, पडले.

गजांतून दिसतंय. धुक्यात लाल काहीतरी. अमूचा रेनकोट, मीच घेऊन दिलेला. आली ती. आत आली. पूलपाशी उभी आहे, पाठ माझ्याकडे.

पंप-खोलीचं दार सताड उघडं. विटा बाजूला रचलेल्या, नीट, एकावर एक.

हाक मारायला तोंड उघडलं तेवढ्यात—

"ताई, कुठेयस?"

"खाली आहे. आत ये. गेटकडून माझ्या आवाजात कुणी हाक मारली तर थांबू नकोस. पळत ये, बरं का."

"हो."

हाक मारली तर पळत जाईल. नाही मारली तर चालत. निघाली. दारापाशी— आत खूप अंधार आहे, ती मोबाइलचा उजेड लावते आहे, खाली बघत नाही, अमू, मी हाक मारते आहे, माझी आहे ही, माझी, एकदा फक्त मागे ब